हसू मोजणारे सर

गेल्या महिन्यात आमच्या पीटीच्या सरांचा निरोप समारंभ झाला. मला नांदेडहून मुद्दाम बोलावलं होतं. स्टेजवर बसवलं, शाल दिली, नारळ दिला, आणि मुख्याध्यापकांनी माइक हातात धरून सांगितलं, की ह्या विद्यार्थिनीचा दुर्मीळ आजार सगळ्यात आधी ओळखला तो आपल्या शाळेनं. टाळ्या झाल्या. मी मांडीवर नारळ घेऊन बसले होते आणि तो कुठं फोडावा, हे मला त्या क्षणी अगदी स्वच्छ दिसत होतं.

शाळेनं ओळखला म्हणे! शाळेनं मला कितीदा वर्गाबाहेर उभं केलं, मराठीच्या बाईंनी गालावर पाच बोटं उठवली, आणि शेवटी माझ्या बापाला भर मैदानात हात जोडायला बोलावलं. ह्याला ओळखणं म्हणतात का? ओळखलं ते एकट्या सरांनी, आणि तेही आधी स्वतः चुकून मग. मला त्या दिवशी 'दोन शब्द' बोलायचे होते, पण वेळ संपला म्हणून माइक बंद केला. तोंडातले शब्द तोंडात राहिले. म्हणून हे लिहून राहिले.

सर माझ्या शेजारीच बसले होते, डोक्याला सत्काराचा फेटा, आणि एक हात खिशात. भाषण संपल्यावर माझ्याकडं वाकून म्हणाले, "नऊ मिनिटं चाळीस सेकंद. त्यात खरं वाक्य एकच."

"कोणतं, सर?"

"मी रिटायर व्हऊन राहिलो ते."

सर असे होते. म्हणजे आहेत अजून, उदगीरला घरी असतात. पण शाळेतले सर मला जास्त आठवतात. उन्हानं वाळलेला बारीक माणूस, पायांत खडूनं पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट, गळ्यात दोन नाड्या. एका नाडीला शिट्टी, दुसरीला स्टॉपवॉच. शाळेचं स्टॉपवॉच रोज दोन सेकंद खातं म्हणून त्यांनी स्वतःचं घेतलं होतं आणि ते दुसऱ्या कुणाच्या हातात देत नसत. ह्या घड्याळानं ते फक्त पोरांची धावच मोजायचे असं नाही. प्रार्थना किती वेळ चालली, लाइट गेली ती किती वेळानं आली, औशाची एसटी फाट्यावर किती थांबली, हॉटेलवाल्याचा चहा उकळायला किती लागला, सगळं मोजायचे. लग्नाला गेले तर अक्षता टाकायच्या आधी बटण दाबायचे. "मुहूर्त दहा पस्तीसचा छापला व्हता. एकोणसाठ मिनिटं उशीर," असं नवरदेवाच्या बापाला तोंडावर सांगून पंगतीला बसायचे. हळूहळू लोक त्यांना पत्रिका द्यायचंच विसरायला लागले. त्यांच्या बायकोला गल्लीतल्या बाया विचारायच्या, "काय वं, घरात पण मोजतेत का?" ती म्हणायची, "कुकरच्या शिट्ट्या मोजतेत. मला काय, बरंच हाय की."

आणि 'लई' ह्या शब्दावर तर त्यांचा दातच होता. आमच्याकडं 'लई' काढून घेतला तर अर्धा लातूर जिल्हा मुका होईल. पण सरांसमोर कुणी तो उच्चारला की सर भुवया आवळून विचारणार, "लई म्हंजे किती?" पोरगं म्हणालं, सर, पाय लई दुखून राहिलाय, की लगेच, "लई म्हंजे किती? कधीपास्नं? कुठं? बसल्यावर का पळल्यावर?" पोरगं बिचारं दुखणं विसरून जायचं. आम्ही त्यांच्या पाठीमागं त्यांना 'लई-म्हंजे-किती' असंच म्हणायचो. वैताग होता तो माणूस, खोटं कशाला बोलू.

आता माझं सांगते.

मी सहावीत असताना मला ते सुरू झालं. आधी पोटात, बेंबीच्या वर, एक गोळा उठायचा. तो छातीतून गळ्यापर्यंत यायचा. मग तोंड आपोआप उघडायचं आणि हसू बाहेर पडायचं. ते माझं हसू नव्हतं हो. मला हसायला येण्यासारखं काही घडलेलं नसायचं. कोरडं, एका सुरात, खि खि खि खि, जसं कुणी दुसरंच माझ्या गळ्यातून हसतंय. आणि आत मी घाबरून गार पडलेली असायचे. डोळ्यांतून पाणी यायचं. लोक म्हणायचे, बघा, हसून हसून पाणी आलं कार्टीला. अरे, भ्याल्याचं पाणी होतं ते! पण हसणाऱ्या तोंडानं 'मला भ्याव वाटतंय' असं कसं सांगायचं, तुम्हीच सांगा.

पहिल्यांदा झालं ते आमच्या विहारात, वंदना चालू असताना. आम्ही बौद्ध. गावाच्या ओढ्याकडच्या अंगाला आमची वस्ती. बाप गवंडी, आई खुरपायला जायची. विहारात म्हाताऱ्या माणसांनी डोळे वटारले, घरी आल्यावर आईनं पाठीत धपाटा घातला, एवढंच. मग ते रोज व्हायला लागलं. जेवताना व्हायचं, पाणी भरताना व्हायचं. मराठीच्या बाई करुण कविता शिकवत होत्या, त्यांचा स्वतःचा गळा दाटून आला होता, आणि मी हसले. तीच ती पाच बोटं. त्या बाई आता माझ्या फोटोंना मोबाइलवर बदामाची चिन्हं पाठवतात. चुकलं, असं मात्र एकदाही म्हटलं नाही.

गावात ज्याला त्याला औषध माहीत होतं. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, अमक्या बाबाकडं न्या. बाप म्हणाला, "आमी ते सोडून दोन पिढ्या झाल्या." तर मागून बोलायला मोकळे, की देव सोडला म्हणूनच पोरीला असं झालं. बाप मला औशाला दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरानं पोटातला गोळा ऐकून गॅसच्या गोळ्या दिल्या, आणि हसण्याचं ऐकून म्हणाला, "पोरगी वयात येऊन राहिलीय. लाड कमी करा." मी अकरा वर्षांची होते. आमच्या घरात लाड नावाची वस्तू असती तर मी ती एकदा बघितली तरी असती.

सर चुकले ते मार्चमध्ये. त्यांनी 'सावधान' म्हटलं, सगळी लाइन ताठ झाली, आणि मला हसू आलं. सरांनी नुसतं बोट गोल फिरवलं. म्हणजे मैदानाला फेऱ्या. उन्हाचा तवा तापलेला. दुसऱ्या फेरीत परत गोळा उठला. मी पळतच राहिले, हसतच राहिले, वळायचं तिथं वळलेच नाही, आणि सरळ जाऊन कंपाउंडच्या भिंतीवर आदळले. कपाळ फुटलं. पोरं पोट धरधरून हसत होती, आणि त्यांचं हसू खरं होतं.

सर पळत आले. रुमाल दाबून धरला. मी अजून हसतच होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या हाताकडं बघितलं, आणि त्यांचा अंगठा सवयीनं बटणावर गेला. नंतर पेटीतलं औषध लावताना त्यांनी मला एकच विचारलं, "हाताला काटा कामून आला व्हता? एवढ्या उन्हात? आणि डाव्याच हाताला?"

मला काय माहीत. मला तर कुणी हाताचं विचारलंच नव्हतं. ज्यानं त्यानं तोंडाचंच विचारलं होतं.

त्या दिवसापासून सर माझ्या मागं लागले. प्रार्थनेला माझ्या रांगेच्या शेवटी येऊन उभे राहायचे. मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीजवळ घुटमळायचे. मला वाटायचं, हा माणूस मला रंगेहाथ पकडायला टपलाय. मी हसले की टिक, थांबले की टिक. मग खिशातून पेन काढून पीटीच्या हजेरीच्या मागच्या पानावर काहीतरी लिहायचे. एकदा मला म्हणाले, "हसू संपल्यावर तू व्हट चाटतीस, मचमच करतीस, आणि सदऱ्याचं हे वरचं बटण चाचपतीस. ठाऊक हाय का तुला?" मला ठाऊक नव्हतं. त्यातलं मला आजही काही आठवत नाही. आईला घरी विचारलं तर ती म्हणाली, "हाव की, माय. बटण तुटून तुटून बेजार झाले मी. दर आठवड्याला टाचती."

ते पान नंतर मी बघितलं. तारखा होत्या, वेळा होत्या, आणि पुढं आकडे. एकवीस. वीस. बावीस. एकवीस. एकवीस. वीस.

सर ते पान घेऊन मुख्याध्यापकांकडं गेले. म्हणाले, "सर, हे हसू खोडीचं न्हाई. खोडीचं हसू कधी दोन सेकंदांत विझतं, कधी मिनिटभर पुरतं. हे दर खेपेला एकवीस सेकंदांचं, फार तर एखादा इकडं तिकडं. पोरीला मोठ्या डॉक्टरला दाखवाया पायजे." मुख्याध्यापक काय म्हणाले माहिताय? "तुम्ही घड्याळाकडं बघा, सर. पोरींकडं बघू नका."

असं बोलणं ज्याच्या जिभेला येतं, तो माणूस आज शाळेच्या वतीनं टाळ्या घेतो. सर त्या बोलण्यानं खचले. पुढं महिना दीड महिना माझ्या आसपास फिरकले नाहीत, पान मिटून ठेवलं. मला ह्या गोष्टीचा सरांवरही राग आहे. एवढा सेकंदाला जपणारा माणूस, आणि तेवढे दिवस वाया घालवले. हे मी त्यांना बोलूनही दाखवलंय. ते म्हणाले, "बरोबर हाय तुझं."

मी सातवीत गेले आणि जुलैत संस्थेच्या साहेबांचे वडील वारले. सगळे त्यांना मालक म्हणायचे. शाळेची जमीन त्यांची, अर्ध्या गावाचं राबणं त्यांच्याच शेतात. शाळेत श्रद्धांजलीची सभा ठेवली. मैदानात फोटो, फोटोला हार, खुर्च्यांवर साहेब आणि भावकी, गावातली झाडून सगळी माणसं. दोन मिनिटं शांत उभं राहायचं. सगळ्यांच्या माना खाली, कुठं खोकल्याचा आवाज नाही. आणि माझ्या पोटात गोळा उठला.

मी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. चावलं सुद्धा हाताला. काही उपयोग झाला नाही. त्या शांततेत माझं ते खि खि खि साऱ्या मैदानभर ऐकू गेलं.

कुणाच्या तरी हातात मोबाइल होताच, सभेचं शूटिंग चालू होतं. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ गावभर झाला. खाली लिहिलं होतं, मालकांच्या श्रद्धांजलीला हसणारी ही पोरगी कुणाची, ओळखा. ओळखायला काय, सगळ्यांनी ओळखलं. आणि मग जे सुरू झालं ते माझ्या हसण्याबद्दल नव्हतंच. ओढ्याकडच्या वस्तीतली पोरगी, हिला शिकवून पाठवलं, ह्यांच्या डोक्यात हवा गेलीय, ह्यांना आता मालकाच्या मढ्यावर हसायचंय. अकरा-बारा वर्षांच्या लेकराच्या तोंडावरून गावानं एवढं वाचलं! सरांच्या पानावरचे सहा आकडे मात्र कुणाला वाचता आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी निरोप आला. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर बापानं मैदानात यायचं, साहेबांसमोर आणि सगळ्या शाळेसमोर हात जोडून माफी मागायची. नाहीतर माझा दाखला हातात, आणि दाखल्यावर वर्तणुकीचा शेरा असा, की तालुक्यातली दुसरी शाळा दारात उभं करणार नाही. आई रडायला लागली. बाप थापी धूत बसला होता. म्हणाला, "जोडतो की हात. हाताला काय व्हतंय. पोरीची शाळा ऱ्हाऊ दे."

त्याच संध्याकाळी सर आमच्या घरी आले. ओढा ओलांडून आलेले ते शाळेतले पहिलेच सर. आईनं चहा ठेवला, सर उकळी फुटेपर्यंत चुलीकडं बघत बसले, मग भानावर येऊन म्हणाले, "उद्या मी रजा टाकलीय. लातूरला मेंदूचे डॉक्टर हायेत. सकाळच्या सातच्या गाडीनं निघू."

बाप म्हणाला, "सर, मेंदूचं कशाला? पोरगी हुशार हाय."

"हुशार हाय म्हणूनच."

लातूरच्या डॉक्टर बाईंनी सगळ्यात आधी एक केलं. बापाला नाही, सरांना नाही, मला विचारलं, "हसताना तुला कसं वाटतं गं?" मी म्हणाले, "भ्याव वाटतंय." आणि मी तिथंच रडायला लागले. वर्षभरात हे पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं. मग सरांनी पान पुढं केलं. बाईंनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "असं होतानाचा व्हिडिओ असता तर बरं झालं असतं." बापानं गुमान खिशातून मोबाइल काढला. तो व्हिडिओ त्याला गावातल्या आठ जणांनी पाठवला होता, लाज वाटावी म्हणून. बाईंनी तो तीनदा बघितला. डोक्याला वायरी लावून मेंदूच्या आलेखाची पट्टी काढली, तपासण्या केल्या, आणि म्हणाल्या, "ही फिट आहे."

बाप उठूनच उभा राहिला. "फिट? बाई, फिट मी बघितलीय. माणूस पडतंय, हातपाय झाडतंय, तोंडाला फेस येतोय. हे तर हसून राहिलंय!"

बाई म्हणाल्या, "सगळ्या फिटा पाडत नाहीत. मेंदूच्या ज्या भागात ती उठते, त्या भागाचं काम ती करून दाखवते. कुणाचं लेकरू नुसतं टक लावून बघत बसतं, कुणाच्या पोटात दुखतं आणि उलटी होते, कुणाच्या तोंडाची एकच बाजू उडते. हिला हसवते. हाताचा काटा, पोटातला गोळा, ते बटण चाचपणं, सगळं त्यातलंच." मग पान परत देत सरांना म्हणाल्या, "असं लिहून आणणारे आईबाप सुद्धा मला भेटत नाहीत. 'लई वेळ हसते' एवढंच सांगतात."

सर म्हणाले, "तेच म्हंतो मी."

परतीच्या गाडीत मी खिडकीजवळ, मधे सर, पलीकडं बाप. सर समोरच्या सीटकडं बघत म्हणाले, "तुला पळवलं ते चुकलं माझं. हसतीस का म्हणून इचारायच्या आधी शिक्षा दिली. कपाळ माझ्यानं फुटलं." मास्तर माणूस शाळेतल्या पोरीला असं म्हणतो, हे मी त्याआधी ऐकलं नव्हतं, आणि त्यानंतरही नाही. मी म्हणाले, "लई न्हाई लागलं, सर." त्यांनी तोंड उघडलं, पण ह्या खेपेला किती ते विचारलं नाही.

शनिवार उजाडला. दोन दिवस गोळ्या पोटात गेल्या होत्या, पण त्यांना गुण यायला वेळ लागतो. आदल्या रात्री आमच्या घरात कुणाचाच डोळा लागला नव्हता. मैदानात पोरांच्या रांगा, खुर्च्यांवर साहेब, मुख्याध्यापक, भावकीतली चार माणसं. बापानं धुतलेला सदरा घातला होता. सरांनी डॉक्टर बाईंची चिठ्ठी मुख्याध्यापकांच्या हातात दिली. त्यांनी ती वाचली, साहेबांना दाखवली. भावकीतला एक जण म्हणाला, "हसण्याची फिट? आयला, हे नवीनच. उद्या कुणी शिव्या देईल आणि म्हणंल मला शिव्यांची फिट हाय." खुर्च्यांवर हशा झाला. मुख्याध्यापक बापाला म्हणाले, "आजार असेल, नसेल. आमचं काही म्हणणं नाही. पण भावना दुखावल्यात. तेवढं हात जोडून टाका, विषय संपवू."

सर मधे आले. "कशासाठी हात जोडायचे? ताप आला म्हणून कुणी माफी मागतंय का?"

"सर, तुम्ही बाजूला व्हा. नोकरी आहे ना?"

"हाय. दोन पोरं पण हायेत. तरी इचारून राहिलोय."

बापानं सरांच्या खांद्यावर हात ठेवला, त्यांना बाजूला सारलं आणि पुढं झाला. मी बापाच्या मागं, त्याच्या सदऱ्याचं टोक धरून. त्यानं पायांतली चप्पल काढली. हात जोडले. "साहेब," एवढंच म्हणाला, आणि माझ्या पोटात गोळा उठला.

मी मनात म्हणाले, आज नको, आज नको. माझ्या बापाचे हात जोडलेले होते आणि त्याच्या पाठीशी उभी राहून मी हसायला लागले.

"बघा! बघा बेशरम!" कुणीतरी ओरडलं. एक जण उठून माझ्या अंगावर आला. आणि सरांची शिट्टी वाजली. अशी वाजली की सगळं मैदान जागच्या जागी थिजलं. सर माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, माझा डावा हात मनगटाला धरून वर केला, सगळ्यांना दिसेल असा, आणि मोठ्यानं मोजायला लागले.

"सहा. सात. आठ. ह्यो काटा बघा. दुसऱ्या हातावर न्हाई. अकरा. बारा. डोळ्यात बघा तिच्या, लेकरू भ्यालंय. पंधरा. सोळा. मी हितं मार्चपास्नं मोजून राहिलोय. अठरा. एकोणीस. वीस. एकवीस."

थांबलं. जसं मोजलं तसं थांबलं. मग म्हणे मी ओठ चाटले आणि सदऱ्याचं वरचं बटण चाचपलं, आणि सर बटणाकडं बोट दाखवून म्हणाले, "आता हे." पोरांच्या रांगांत कुणी हसलं नाही. सर खुर्च्यांकडं वळले. "आता तुमी हसा. कुणीबी. बरोब्बर एकवीस सेकंद, एका सुरात, आणि एका हातावर काटा आणून दाखवा. मी मोजतो."

कुणी हसलं नाही.

साहेब खाकरले. उठून उभे राहिले आणि मोठ्या मनानं म्हणाले, "बरं बरं. आजारी लेकरू हाय. माफ केलं आमी. जा."

माफ केलं! काय केलं होतं मी? अजूनही ते दोन शब्द आठवले की माझ्या डोक्याची शीर उडते. वर्षभर ज्यांनी मला मारलं, माझं हसं केलं, व्हिडिओ फिरवला, त्यांनी मला माफ केलं.

माझा बाप कधी मोठ्यानं बोलत नाही. त्या दिवशी पण आवाज चढवला नाही. हात सोडले, चप्पल पायांत घातली आणि म्हणाला, "साहेब, माफीचं आता उलटं झालं. माझ्या लेकराला जे बोलले, जे मारले, त्यानला म्हणावं, या अन् हिला चुकलं म्हणा. आमी थांबतो हितं."

"ए, जास्त बोलू नको," भावकीतला एक म्हणाला.

बाप खाली मातीत बसला, मला मांडीवर घेतलं. सरांनी घड्याळाचं बटण दाबलं आणि आमच्या शेजारी उभे राहिले.

फिटेनंतर मला झोप येते, ती आली. मी झोपलेली असताना साहेबांची गाडी गेली, खुर्च्या उचलल्या, रांगा सुटल्या. मराठीच्या बाई फाटकापर्यंत जाऊन क्षणभर थांबल्या होत्या म्हणे, मग त्याही गेल्या. मला जाग आली तेव्हा मैदानात आम्ही तिघंच होतो आणि सावली बापाच्या अंगावरून सरकून गेली होती.

मी विचारलं, "आले का कुणी?"

"न्हाई," बाप म्हणाला. मग सरांना विचारलं, "किती झालं, सर?"

"दोन तास अकरा मिनिटं."

बाप उठला, मला उभं केलं, दोघांच्या कपड्यांची माती झटकली. "बास झालं. माफी मागाया आलो व्हतो, न मागता चाललो."

सोमवारी मी शाळेत गेले. मुख्याध्यापक दाराशी उभे होते, माझ्याकडं न बघता बाजूला झाले. वर्गात मराठीच्या बाईंनी हजेरी सुरू केली. माझ्या आधीचं नाव झालं, बाई थोड्या थांबल्या, मग माझं नाव घेतलं. मी 'हजर' म्हणाले, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं.